अपुरी राहिलेली कथा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक पालक मुलीची पुस्तके पिशवीत घालून माझ्याकडे आले. ही रक्तपिपासू पिशाचांची पुस्तके घरात ठेवावीत का, असा त्यांचा प्रश्न. मी पिशवी ठेवून घेतली आणि, खरे सांगायचे तर, वाचत बसलो.

एल. जे. स्मिथ या अमेरिकन लेखिकेची 'नाईट वर्ल्ड' ही कुमारांसाठीची कादंबरीमाला १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. व्हॅम्पायर, चेटकिणी यांचे ते एक गुप्त जग. त्याचे दोन कायदे : मानवाला आपले अस्तित्व कळू द्यायचे नाही आणि मानवावर प्रेम करायचे नाही. पहिल्याच पुस्तकात पॉपी या सोळा वर्षांच्या मुलीला स्वादुपिंडाचा कर्करोग होतो. तिचा मित्र जेम्स हा व्हॅम्पायर. तिला आपल्यासारखी करून तो मरणातून सोडवू पाहतो. मालेत पुढे पुनर्जन्मही येतो. तो आपल्या श्रद्धेत बसत नाही, आणि न संपणारे आयुष्य म्हणजे सार्वकालिक जीवन नव्हे, हे मी त्या पालकांना सांगितले. परंतु मरणाऱ्या मैत्रिणीसाठी कायदा मोडणारा तो मुलगा मला परका वाटला नाही.

मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. नववे पुस्तक १९९८ मध्ये आले. जगाचा विनाश टळतो की नाही हे ज्यात कळायचे, ते 'स्ट्रेंज फेट' हे दहावे पुस्तक जाहीर होऊनही आले नाही. मार्च २०२५ मध्ये लेखिका निवर्तली.

"शेवट सांगणार होती ना, फादर? वचन मोडणं पाप नाही का?"

सेमिनरीत शिकलेले उत्तर तयार होते : अशक्य ते करण्याचे बंधन कोणावरही नसते. उत्तर बरोबर होते आणि निरुपयोगी. ती काही लेखिकेवर खटला भरायला आली नव्हती. नऊ पुस्तके जिवाभावाने सोबत केलेली माणसे ऐन संकटात उभी राहिली होती, आणि त्यांचे काय झाले हे आता कोणीच सांगू शकणार नव्हते. 'जगाचा शेवट देवाच्या हाती,' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. आजाऱ्यांच्या घरी असे घाईचे सांत्वन मी किती वेळा केले असेल!

मग मी बायबल उघडले. संत मार्कचे शुभवर्तमान सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच थांबते. स्त्रिया रिकाम्या कबरीपासून पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. पुढली बारा वचने ख्रिस्तसभेने पवित्र शास्त्र म्हणून स्वीकारली आहेत. ती दुसऱ्या हाताची असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आपण? मार्कचे वर्ष असते तेव्हा पुनरुत्थानाच्या जागरविधीत आपले वाचन सातव्या वचनावर संपते. आठवे आपण वाचतच नाही. २०२४ मध्ये मीही तिथेच ग्रंथ मिटला होता.

ते वचन मी तिला वाचायला दिले. तिने दोनदा वाचले.

"म्हणजे त्यांनी कुणालाच नाही सांगितलं?" थोडा वेळ ती पानाकडे पाहत राहिली. "सांगितलं असणार. नाहीतर हे लिहिलं कुणी?"

पुस्तके मी तिच्या वडिलांना परत केली. नववे तेवढे अजून माझ्याकडे आहे.