नामकरण आणि ऋण

उत्क्रांतिशास्त्र आणि वर्गीकरणशास्त्र यांवरील पदव्युत्तर चर्चासत्रांत नाव आणि वस्तू यांच्या संबंधाचा प्रश्न सहसा पहिल्याच बैठकीत निकालात काढला जातो. नाव ही एक खूण आहे. ती एका विशिष्ट नमुन्याला, म्हणजे प्ररूपाला, जोडलेली असते. एकाच जातीला दोन नावे मिळाली असतील तर आधी प्रसिद्ध झालेले ग्राह्य धरायचे. आणि प्राण्यांच्या बाबतीत ही मोजणी लिनीयसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून, करायची. एवढे सांगून झाले की बैठक 'जाती' या संकल्पनेकडे वळते. नाव अन्वर्थक असावे किंवा न्याय्य असावे, अशी अट या व्यवस्थेत नाही. सोस्यूरने सांगितलेली चिन्हाची यादृच्छिकता येथे जणू नियमावलीत उतरली आहे, आणि शब्दार्थांच्या वादांनी शिणलेल्या साहित्याभ्यासकाला या कोरडेपणाचा हेवा वाटला तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

परंतु याच शास्त्राचे दुसरे अंग पाहिले की हा कोरडेपणा तितकासा निरपराध वाटत नाही. डार्विनने १८५९ साली वर्गीकरणाचा पाया बदलला. साम्य हा वर्गीकरणाचा आधार मानला जाई. डार्विनने त्या साम्यामागचे कारण, म्हणजे वंश, हाच आधार मानला. पुढे विली हेनिगने १९५० साली त्याला काटेकोर पद्धतीचे रूप दिले. मूळ पूर्वजापासून सर्वांकडे आलेली लक्षणे जवळचे नाते सिद्ध करीत नाहीत. मधल्या कोणा पूर्वजात नव्याने उद्भवलेले आणि पुढे वाटून घेतलेले लक्षणच ते सिद्ध करते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही युक्ती परकी नाही. दोन पोथ्यांत मूळचा पाठ टिकून राहिला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. दोहोंत एकच चूक उतरली असेल तर त्यांचे मातृक एक असावे, असे अनुमान निघते. सुकथनकरांनी १९३३ साली आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीच्या प्रस्तावनेत पाठपरंपरांची जी वंशावळ मांडली, ती याच कुळातल्या विचारातून आलेली आहे. म्हणजे वर्गीकरणशास्त्र प्रत्येक जीवाला 'तू कोणापासून आलास?' असे विचारते. आपल्या नावांना मात्र हा प्रश्न ते विचारीत नाही. नावाचा जन्म प्रसिद्धीच्या दिवशी होतो. त्याआधीचा त्याचा वंश शास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

हा अंतर्विरोध अहेरीच्या परिसरात उभे राहून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. अहेरीच्या दक्षिणेला प्राणहितेच्या काठाने सिरोंच्याकडे जाणारा मुलूख जीवाश्मांसाठी जगाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. नदीकाठच्या कोटा या लहानशा गावाचे नाव ज्युरासिक काळातील एका खडकसमूहाला मिळालेले आहे. याच खडकांत, पोचमपल्ली गावाजवळ, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना १९६० व १९६१ या वर्षांत एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. किमान सहा प्राण्यांची सुमारे तीनशे हाडे. त्यांतले मांडीचे हाड जवळजवळ १.७ मीटर लांबीचे. कवटी मात्र मिळाली नाही. १९७५ साली जैन, कुट्टी, रॉय चौधरी आणि चॅटर्जी यांनी त्याचे 'बारापासॉरस टागोरी' असे नामकरण केले. बारा म्हणजे मोठा, पा म्हणजे पाय. आणि १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, म्हणून टागोरी. वैज्ञानिकांनी कवीचे ऋण अशा रीतीने फेडावे, याहून हृद्य गोष्ट ती कोणती? (कवीचे नाव बिनडोक्याच्या सांगाड्याला लाभले, हा योगायोग सोडून द्यावा.) पण या नावाच्या पोटात शिरून पाहिले की ते कोठून बोलते हे कळते. मराठी कानाला त्यात 'पाय' ऐकू येतो, बंगाली कानाला तर येतोच. त्या मुलखातल्या गोंडी आणि तेलुगू कानांना तो ऐकू येत नाही, कारण तेथे पायाचा शब्द 'काल'च्या घरातला आहे. गडचिरोलीच्या मातीतून निघालेल्या हाडांवर गंगेच्या मुखाकडची भाषा कोरली गेली.

यात कोणी कोणावर अन्याय केला असे म्हणणे उथळपणाचे होईल. १९८८ साली वर्णन झालेल्या 'कोटासॉरस यामनपल्लीएन्सिस' या दुसऱ्या डायनोसॉरच्या नावात खडकसमूह आणि गाव दोन्ही आले; तेवढ्याने ऋण फिटले असे कोण म्हणेल? प्रश्न नावातल्या अक्षरांचा नसून त्याच्या व्याकरणाचा आहे. नावापुढे लेखक आणि वर्ष लिहिण्याची पद्धत आहे. वाटाड्या, खोदणारा, ओळखून दाखविणारा यांच्यासाठी या व्याकरणात विभक्तीच नाही.

ती असू शकते याचा दाखला मात्र जुना आहे. आलापल्लीच्या अरण्यात जो साग आहे त्याचे शास्त्रीय नाव 'टेक्टोना ग्रँडिस' लिनीयसच्या मुलाने १७८२ साली दिले. टेक्टोना हा शब्द पोर्तुगीज 'तेका'मार्गे मल्याळम 'तेक्कु'पर्यंत मागे जातो. १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस'मध्ये सागाची नोंद 'थेका' अशीच आहे, आणि त्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे निवेदन त्याच्या स्वतःच्या लिपीत छापलेले आहे. माहिती कोणाकडून आली हे ग्रंथानेच सांगितले. पुढे लिनीयसच्या परंपरेने वनस्पती घेतल्या, काही नावेही घेतली, निवेदन तेवढे मागे राहिले.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे विज्ञानाला दोष देत बसू नये. त्यांच्या घरातला हिशेब अधिक वाईट आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला. या प्रदेशाच्या भूशास्त्रावर त्याने लिहिले, आणि गोंडांची भाषा व आख्यानेही टिपली. १८६३ साली तो बुडून मरण पावला. त्याची टिपणे रिचर्ड टेम्पलने १८६६ साली प्रसिद्ध केली. लिंगोचे गोंडी आख्यान छापील रूपात जगापुढे आले ते या ग्रंथातून. एकाच माणसाच्या हाती दगड आणि गाणे दोन्ही आले, आणि दोहोंची गत वेगळी झाली. जीवाश्माच्या चिठ्ठीवर निदान स्थळ लिहावेच लागते. ते नसेल तर नमुन्याचे मोल घटते. आख्यानाच्या ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर हिस्लॉप आणि टेम्पल ही दोनच नावे आहेत. परधान गायकांच्या पिढ्यांनी ते आख्यान वाहून आणले. त्यांची जमात ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो. लोकसाहित्याच्या आपल्याकडील संकलनांतही 'एका वृद्ध स्त्रीकडून ऐकलेले' एवढ्यावर किती ओव्या निभावल्या गेल्या आहेत! अनामिकता हे लोकसाहित्याचे लक्षण मानण्याचा जो सिद्धांत आहे, त्याचा काही भाग तरी संकलकांच्या आळसातून घडलेला असावा.

नावे बदलण्याची चळवळ अलीकडे जोर धरते आहे. २०२४ च्या माद्रिद येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने एका वांशिक शिवीवरून आलेली दोनशेहून अधिक जातिनामे बदलण्यास संमती दिली. प्राणिनामांचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र नैतिक कारणांसाठी नावे बदलण्यास राजी नाही. शिवी काढून टाकावी, यात दुमत नसावे. एरव्ही जुने नाव पुसल्याने त्याचा वंश सांगितला जात नाही, उलट पुरावा जातो. १८७० च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी खडकांना दिलेले 'गोंडवन' हे नाव १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूसने एका लुप्त महाखंडाला दिले. ते कोणाला बदलावेसे वाटेल? २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झालेल्या विद्यापीठानेही तेच धारण केले. तरीही ज्यांचे ते नाव, त्या समाजाच्या वर्गीकरणाला अभ्यासक्रमात 'लोकसमजुती'पलीकडचे स्थान मिळणे अवघड जाते.

हे वर्गीकरण काय आहे? चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत कुळे विभागलेली. एका गटातील कुळे परस्परांची भावंडे, म्हणून त्यांच्यात सोयरीक वर्ज्य. अनेक कुळांचे एखाद्या प्राण्याशी वा झाडाशी नाते, म्हणून त्याला इजा करणे वर्ज्य. ही जीवशास्त्रीय वंशावळ नव्हे, आणि तिला डार्विनची पूर्वसूरी ठरविणे हा भाबडेपणा होईल. पण एका बाबतीत ती चर्चासत्रातल्या आकृतीहून पुढे जाते. हेनिगच्या वृक्षात नाते सिद्ध झाले की काम संपते. येथे नाते सिद्ध झाले की काम सुरू होते, कारण नात्यातून निषेध आणि कर्तव्य उत्पन्न होतात. धर्मशास्त्रातील ऋणत्रयाची कल्पना या विचाराच्या जवळ येते. ऋषिऋण दानाने वा स्मारकाने फिटत नाही, अध्ययनाने फिटते. जैवविविधता कायद्याने २००२ साली लाभांशाची तरतूद केली ती आवश्यकच होती. परंतु ती या ऋणाला देण्याघेण्याच्या खात्यात उतरविते.

अध्ययनाने ऋण फेडायचे तर सुरुवात नमुन्याच्या चिठ्ठीपासून करता येईल. शुष्क वनस्पतीच्या कागदावर जातीचे नाव, स्थळ, दिनांक आणि संग्राहक एवढे रकाने असतातच. लोकवनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्यांत स्थानिक नाव आणि माहिती देणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, घालतात. अहेरीला अशी बैठक भरली तर जातिसंकल्पनेकडे वळण्यापूर्वी हे दोन रकाने कोणत्या भाषेत भरायचे, माडिया नाव देवनागरीत उतरविताना कोणाचा उच्चार प्रमाण मानायचा, आणि ज्ञान एकाचे नसून गावाचे असेल तर रकान्यात काय लिहायचे, याची चर्चा करावी लागेल. आणि त्या चर्चेत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याइतकीच मराठीच्या विद्यार्थ्याचीही गरज भासेल.