वगळण्याची शिस्त

न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडचा पहिला अल्बम १९७६ च्या एप्रिलमध्ये आला. चौदा गाणी, तीही सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. बिलबोर्डच्या यादीत तो १११ व्या क्रमांकाच्या वर कधी चढला नाही. तरीही पंक म्हणून पुढे जे उसळलं, त्याच्या मुळाशी याच अल्बमचं नाव घेतलं जातं, आणि त्यासोबत एक विचारही येतो: तालीम नको, पैसा नको, तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा.

हा विचार मला मनापासून प्रिय आहे. पण अल्बम नीट ऐकला की त्यात याहून कठीण काहीतरी सापडतं.

टॉमी रमोन मुळात बँडचं व्यवस्थापन बघायचा. ड्रम वाजवायचा जोई. जोईला गायला पुढे आणलं, तेव्हा नव्या ड्रमरचा शोध सुरू झाला. पण हवा तसा सरळ, पुढे रेटत नेणारा ठेका कुणाकडूनच मिळेना. कसं वाजवायचं ते दाखवायला टॉमी स्वतः बसला आणि ड्रमर होऊन राहिला. जॉनीचा गिटारवरचा हात तर जवळजवळ सतत वरून खालीच येतो. खाली-वर वाजवलं तर हाच वेग निम्म्या कष्टात मिळेल, पण आवाजाची धार जाईल. गिटार वाजवणाऱ्यांनी यातलं एक गाणं न थांबता वाजवून बघावं, मनगट लगेच तक्रार करू लागतं. रेकॉर्डवर गिटार एका बाजूला आणि बास दुसऱ्या बाजूला ठेवला आहे. हेडफोनची एक बाजू काढली की दुसरं वाद्य उघडं पडतं. चुकलं तर झाकायला काही नाही.

म्हणजे मूळ गोष्ट होती वगळण्याची शिस्त. लांबलचक सोलोंच्या त्या काळात काय वाजवायचं नाही, हे या चौघांनी ठरवलं आणि पाळलं.

इंग्लंडने त्यातून परवानगी उचलली. ४ जुलै १९७६ ला रमोन्स लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजले. त्याच संध्याकाळी शेफील्डमध्ये सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडच्या आधी क्लॅश या तशाच दुसऱ्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला. तेव्हा सगळं श्रेय न्यूयॉर्कला देणं बरोबर नाही, इंग्लंडमधलं सरपण आधीच वाळलेलं होतं. मला जास्त मोठी वाटते ती मँचेस्टरची उडी. १९७७ च्या जानेवारीत तिथल्या बझकॉक्स या बँडने उसने ५०० पौंड घेऊन आपली चार गाण्यांची रेकॉर्ड आपल्याच लेबलवर काढली. आपण वाजवू शकतो, इथून विचार आपण छापून विकूही शकतो, इथवर आला. कंपनीच्या दारात उभं राहण्याची गरज संपली.

खुद्द रमोन्सना मात्र हे कधीच पुरेसं वाटलं नाही. त्यांना रेडिओवर वाजणारं हिट गाणं हवं होतं. त्यासाठी १९८० चा अल्बम त्यांनी फिल स्पेक्टरकडे सोपवला. भरगच्च, थरावर थर चढवलेल्या आवाजासाठी ओळखला जाणारा तो निर्माता. अमेरिकेत तरी हिट काही मिळालं नाही. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. व्हॅनमधून वर्षानुवर्षं गावोगाव फिरणाऱ्यांना यश हवंसं वाटणारच.

इकडे परवानगी तेवढी उरली आणि शिस्त गळाली की काय होतं, तेही दिसलं: लेदर जॅकेट तेच, वेग तोच, आणि एकमेकांपासून ओळखू न येणारे कितीतरी बँड. पण त्याच १९८० साली वॉशिंग्टनच्या काही पोरांनी डिसकॉर्ड हे लेबल काढलं. त्यातल्या इयन मॅकायचा पुढचा बँड फुगाझी, संगीताच्या अंगाने रमोन्सपासून बराच लांबचा. वगळण्याची शिस्त त्यांनी व्यवहारात आणली. तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या आसपास, कार्यक्रम सर्व वयाच्या मुलांना खुला, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, मोठ्या कंपनीशी करार नाही. रमोन्सचा आवाज कुणी उचलला याच्या याद्या पुष्कळ निघतात. मला विचाराल तर त्या पहिल्या अल्बमचे खरे वारस हे फुगाझीवाले.