पाला बंद

खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा लोणी काळभोरहून पुढे इंदापूरकडे जातो. त्याच्या कडेला मुक्ताच्या आजोबांचा ऊस होता. बांधावरच्या तुरीवर तिला एक हिरवा कीटक दिसला. पुढचे पाय जोडलेले, मान वळवून तो तिच्याकडेच बघत होता.

"खंडोबाचा किडा आहे, मारू नको हो," आजी म्हणाली.

मुक्ताने तो बरणीत ठेवला, आत एक काटकी उभी केली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. पकडून आणलेली माशी, नाकतोड्याचं पिल्लू, जे जिवंत टाकावं त्यावर तो झडप घाली. घरातल्या सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं.

त्याच दिवसांत घरातल्यांना एक काळजीही होती. दादाची बारावी झाली होती आणि तो गप्प होता. जेवायला बसला की बाबा एक कॉलेज सुचवत, काका दुसरं. आजोबा नोकरीचं बोलत आणि शेजारचे येऊन विचारत, "मग, काय ठरलं?" दादा चार घास खाऊन उठे.

एके दिवशी किड्यानेही खाणं सोडलं. माशी अंगावरून चालली तरी हलेना. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." आजोबा म्हणाले, "माशीला कंटाळला असेल, दुसरं काही दे." मुक्ताने दोन गलेलठ्ठ रातकिडे आत सोडले.

सकाळी किडा जाळीला उलटा लटकलेला दिसला. मानेमागून जुनी कात फाटली होती आणि तो मऊ, फिकट अंगाने बाहेर आला होता. त्याचा मागचा एक पाय मात्र रातकिड्याने कुरतडून टाकला होता. खाऊ म्हणून टाकलेल्यानेच त्याला खाल्लं होतं. मुक्ता रडायला लागली.

दुपारी इंदापूरहून मामा आले. त्यांची तुतीची बाग आणि रेशीम अळ्यांचं शेड. बरणी बघताच त्यांनी रातकिडे बाहेर काढले.

"आमची अळी चार वेळा कात टाकते," ते म्हणाले. "मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसली की डोकं वर करून गप्प राहते, खात नाही. नवा शेतकरी घाबरतो आणि वर आणखी पाला टाकतो. जाणता माणूस पाला बंद करतो, चुना मारतो आणि सगळ्या अळ्या उठेपर्यंत हात लावत नाही."

"पण उपाशी राहिला तर?"

"त्याला भूक नाहीये, काम आहे. आतून नवं अंग तयार होतंय. लटकायला वर खडबडीत जाळी आणि खाली त्याच्या तिप्पट उंचीची मोकळी जागा, एवढंच दे. जाळीवर पाण्याचा बारीक फवारा मार. कात टाकल्यावरही अंग टणक होईपर्यंत एक-दोन दिवस काही टाकू नको."

"आणि पाय?"

"अजून पंख फुटले नाहीत, म्हणजे पोर आहे. पुढच्या कातीत पाय फुटेल, आधी बारीक, मग भरेल."

काही आठवड्यांनी किड्याने पुन्हा खाणं सोडलं. मुक्ताने त्याला उंच डब्यात हलवलं होतंच. तिने डब्यातलं खाणं काढून टाकलं आणि भावंडांना बोट लावू दिलं नाही. नवी कात आली तेव्हा तुटल्या जागी बारीकसा पाय होता.

त्या संध्याकाळी जेवताना काकांनी दादाकडे वळून तोंड उघडलं, "अरे, मी काय म्हणतो..."

"पाला बंद!" मुक्ता म्हणाली.

सगळे हसले. हसू आधी आजीचं थांबलं. तिने काकांच्या ताटात भाकरी वाढली आणि पावसाचा विषय काढला. पुढचे कित्येक दिवस त्या घरात कोणी दादाला काही विचारलं नाही. मग एका सकाळी तो स्वतःच कागद घेऊन बाबांजवळ येऊन बसला. त्याने कृषी पदविकेची माहिती काढली होती, आणि विचारायला प्रश्नही भरपूर होते. बाबांनी तेव्हा सगळी उत्तरं दिली.

तात्पर्य : माया असली की हात देण्यासाठी शिवशिवतात. पण समोरचा कात टाकत असताना दिलेला घासही त्याला चावतो. त्याने तोंड उघडल्यावर मात्र ताट तयार हवं.