कुलपाची चावी

विद्यापीठातला चित्रकलेचा स्टुडिओ सुधारा, अशी मागणी आपल्या पोरांनी केली की आपल्यातलाच कुणीतरी हसतो. म्हणतो, "स्कॉलरशिप वेळेवर येत नाय, वसतिगृहाचं छप्पर गळतंय, आणि तुमाला खिडकीतला उजेड पायजे?" मित्रहो, ही नुस्ती टवाळी नाही, हा नैतिक प्रश्न आहे. ज्या समाजाच्या इतक्या गरजा अजून रांगेत उभ्या आहेत, त्यानं रंगाच्या खोलीसाठी भांडावं का? मी म्हणतो, भांडावं. का, ते सांगतो.

आधी स्टुडिओ म्हणजे काय ते पाहू. मोठा कॅनव्हास उभा करायला भिंत. उत्तरेकडची उंच खिडकी, कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो आणि सकाळी लावलेला रंग दुपारी फसवत नाही. पाण्याचा नळ. छापायचा प्रेस. मातीकामाची भट्टी. बस्स. ज्याच्या घरी रिकामी खोली आहे त्याला विद्यापीठाचा स्टुडिओ मोडका असला तरी काय फरक पडतो? तो घरी काम करील. मी दहा बाय दहात वाढलो. सहा माणसं, एक स्टो, एक खाट. ओलं चित्र ठेवायचं तर कुणालातरी उठवून ओट्यावर बसवायचं. टर्पेंटाइनच्या वासानं आईला खोकला. म्हणजे कॉलेजचा स्टुडिओ हाच माझा एकुलता एक स्टुडिओ. आणि त्याला पाच वाजता कुलूप.

पाचनंतर वर्गातले दोघंतिघं घरी जाऊन चित्रं काढायचे. आम्ही बाकीचे घरी जाऊन झोपायचो. वर्षाअखेर मास्तर त्यांची कामं पाहून म्हणाले, "यांच्यात उपजत गुण आहेत." कुलूप लागल्यावर ज्याच्याकडे खोली उरते, त्याच्या त्या खोलीलाच उपजत गुण म्हणायची ही रीत. म्हणून म्हणतो, सार्वजनिक स्टुडिओ ही चैन नाही. चैन तर बंगल्यात आधीच आहे. सार्वजनिक स्टुडिओ त्या चैनीची वाटणी करतो.

बाबासाहेब परळच्या चाळीतल्या खोलीत शिकले. पुढं लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसदिवस बसले. तिथं त्यांना काय मिळालं? टेबल, उजेड, शांतता आणि पुस्तकं. पुस्तकवाल्याला जे वाचनालय, ते चित्रवाल्याला स्टुडिओ. वाचनालय मागितलं तर कुणी हसत नाही. मग स्टुडिओ मागितला की हसू का यावं? कारण आपल्याही डोस्क्यात बसलंय की कला हे पोट भरलेल्यांचं काम. आपल्या वाट्याला फक्त पोट, हे कुणी ठरवलं? "आधी भाकर" म्हणणाऱ्याची भूक खरी आहे. पण भाकर, वसतिगृह आणि स्टुडिओ यांना एका रांगेत उभं करून एकमेकांशी झुंजवणारा वेगळाच आहे. त्याच्या घरी तिन्ही आहेत.

दुसरी गोष्ट. प्रवेश मिळाला म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळं कागदावर उघडलं. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, माणसं चालत गेली तेव्हा. राखीव जागेवर नाव लागणं हा ठराव आहे. रात्री नऊ वाजता प्रेसवर आपला हात असणं, हे पाणी आहे.

मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. १८९० च्या सुमारास तिथं लॉर्ड रे यांच्या नावानं हस्तकामाच्या कार्यशाळा निघाल्या. कला एका अंगाला, कारागिरी दुसऱ्या अंगाला. माती, धातू, लाकूड, कातडं यांचं ज्ञान ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्यांना गावानं जात दिली. तीच माती विद्यापीठाच्या भट्टीत गेली की तिला पदवी मिळते. २०२३ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला की कुठंही आपण तीन गोष्टी विचारायच्या : फी किती, राखीव जागांचं काय, आणि चावी कुणाकडं?

आता आपल्याला टोचणारी गोष्ट. सुधारणा म्हणजे काय, हे मोजायचं कुठून? जस्ताच्या पत्र्यावर नायट्रिक आम्ल ओतलं की पिवळट-तपकिरी विषारी धूर निघतो. चित्रकार तासाभरानं चहाला जातो. तसराळं धुणारी बाई रोज तिथंच असते. मातीकामाच्या खोलीत कोरडा झाडू मारला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि फुफ्फुसात बसते. तेलात भिजलेल्या चिंध्या ढिगानं पडल्या तर आपोआप पेट घेतात. ही बाई, हा झाडूवाला कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

उपाय काही आभाळातले नाहीत. धूर ओढणारा पंखा. तांब्याचा पत्रा आणि फेरिक क्लोराइड, त्यातून तो धूर निघत नाही. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं. चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा. पण नव्या इमारतीच्या नकाशात दर्शनी संगमरवर आधी येतो आणि पंखा शेवटी, पैसे उरले तर. आपण स्टुडिओ मिळवला आणि धूर तिच्या छातीत ठेवला, तर आपण फक्त वरची पायरी बदलली, उतरंड तीच ठेवली.

म्हणून निवेदनात क्रम असा लिहा. पहिला, हवा आणि झाडू मारणाऱ्याचं आरोग्य. दुसरा, रात्री दहापर्यंत उघडं दार, आणि मुलींना घरी पोचायची सोय. तिसरा, रंग-कागदाचं सामायिक कोठार, कारण नळीभर रंगाला आपल्या घरातला बाजार लागतो. चौथा, मॉडेल म्हणून तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला रास्त मजुरी आणि मध्ये विसावा. संगमरवर शेवटी. नसला तरी चालेल.

कुणी हसलं तर हसू द्या. निवेदनावर सह्या घ्यायला मात्र झाडूवालीपासून सुरुवात करा.