दुसऱ्याचं तिकीट

अण्णांनी एसटीत चौतीस वर्षं कंडक्टरकी केली. विनातिकीट प्रवासी ते नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत. निवृत्त होऊन गावी आले, कराडपासून वीसेक किलोमीटरवर, तेव्हा सोबत शुगर घेऊनच आले. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून पुण्याच्या मुलाने फोनला जोडलेलं ग्लुकोमीटर आणून दिलं. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. आकडा आपोआप दवाखान्यात पोचतो. पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल.

पूर्वी सोपं होतं. तपासणीआधी दोन दिवस पथ्य पाळलं की उपाशीपोटीचा आकडा शहाण्यासारखा यायचा. (हे करणारे आपल्यात थोडे नाहीत. एचबीएवनसी मात्र फसत नाही, ती मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब काढते.) आता रोजचीच परीक्षा, आणि माघात गुऱ्हाळं पेटलेली. ताटात गरम भाकरी आणि वाटीत काकवी!

अण्णांनी तोड काढली. बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, "अगं, मशीन बरोबर चालतंय का बघू. आण बोट."

काकू चहाही बिनसाखरेचा पीत. आकडा आला १७८. अण्णांनी मशीन हलवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी १८६. हिचा एवढा, तर आपला किती, या धास्तीने त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलंच नाही. रोज काकूंचंच टोचत राहिले.

सहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "अण्णा, काय खाताय?"

"काही नाही हो."

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस दुप्पट केला. अण्णा घाबरले, काकवी बंद केली, गोळी इमानेइतबारे घेऊ लागले.

पाच दिवस गेले. पहाटे चारला काकू नेहमीप्रमाणे पाणी प्यायला उठल्या. हल्ली रात्री तांब्या दोनदा रिकामा व्हायचा, त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. बघतात तर अण्णा घामाने थबथबलेले, हात लटपटतायत, बोलणं तुटक. काकूंनी मशीन काढलं आणि या खेपेला अण्णांचं बोट टोचलं. ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर द्यायची, हे मुलाने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासलं. ८४.

तो ५८ दवाखान्यातही पोचला होता. सकाळी आठला कॉल आला.

"काल १९१ आणि आज ५८? अण्णा, मी गोळी कोणाच्या आकड्यावर वाढवली?"

अण्णांची मान खाली. काकूंना उलगडा झाला तसा त्या म्हणाल्या, "जन्मभर लोकांची तिकिटं तपासलीत, आणि म्हातारपणी माझ्या तिकिटावर बसलात होय?"

डॉक्टर हसले नाहीत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, तीही दोनदा, म्हणजे मधुमेह. इथे तर अकरा वेळा दिसली होती. "काकूंना आजच लॅबमध्ये न्या," एवढंच म्हणाले. काकूंची एचबीएवनसी ८.९ निघाली.

अण्णांची गोळी पूर्ववत झाली. मुलाने दुसरं मशीन धाडलं. आणि ते अकरा आकडे दवाखान्याने अण्णांच्या खात्यातून काढून काकूंच्या नावावर चढवले.