ऋषिऋण कसं फेडायचं?

हृदयाची झडप बदललेली आम्ही काही साधक मंडळी. रोज गोळी घेतो, वेळच्या वेळी रक्त तपासतो आणि ‘सगळी गुरुकृपा’ म्हणतो. ते खरंच आहे. पण कृपासुद्धा कुणाच्या तरी हातांनीच पोचते ना? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी भारतीय झडप घडवली. तीन नमुने फसले. चौथा १९९० मध्ये रुग्णाला बसवला. ही साधनाच नव्हे का?

हे ऋषिऋण नुसतं हात जोडून फिटत नाही. शास्त्रांनीही ते अध्ययनानं फेडायला सांगितलंय. म्हणून घरातलं मूल ‘असं का?’ विचारतं, तेव्हा त्याला गप्प बसवू नये. विज्ञान शिकायचं म्हणालं, तर आधी पगार विचारू नये. या रविवारी मुलांना ही झडपेची गोष्ट सांगाल ना?