कचेरींतला दिवा

कचेरी सुटल्यावर तेथील दिवे, पंखे व संगणक बंद करून जावे कीं तसेच चालूं ठेवावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत शोधूं गेल्यास सांपडावयाचा नाहीं. इतक्या क्षुल्लक गोष्टीस नीतीचें नांव कशाला, असेंही कांहीं वाचक विचारतील. परंतु जेथें पाहणारा कोणी नाहीं, बिल आपल्या नांवें येत नाहीं, आणि हयगय झाली तरी ती कोणाची हें ठरविण्याची सोय नाहीं, तेथें मनुष्य कसा वागतो यावरून त्याच्या स्वभावाचा जितका पत्ता लागतो तितका मोठमोठ्या प्रसंगांवरूनही क्वचितच लागतो. घरीं न्हाणीघरांतला दिवा राहिला म्हणून मुलांवर रागावणारा गृहस्थ कचेरींतल्या वीस दिव्यांखालून निर्विकार मनानें निघून जातो, हें दृश्य कोणासही अपरिचित नाहीं.

दिवे चालूंच ठेवावे, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रथम पाहूं. त्यांचें म्हणणें असें कीं, वारंवार चालूबंद केल्यानें उपकरणें लवकर बिघडतात, आणि पुन्हां चालूं करतांना वीजही अधिक लागते. यांतील पहिली गोष्ट ट्यूबलाइटपुरती खरी आहे. नळीच्या दोन्ही टोकांस तारेवर जो लेप असतो तो प्रत्येक वेळीं दिवा लावतांना थोडा थोडा झिजतो. दुसऱ्या गोष्टींत मात्र फारसा अर्थ नाहीं. कारण लावतांना लागणारा जादा प्रवाह सेकंदभरही टिकत नाहीं. म्हणून पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बाहेर जावयाचें असल्यास तोही दिवा मालवावा, असा जाणत्यांचा हिशेब आहे. आणि आतां सर्वत्र झालेल्या एल. ई. डी. दिव्यांस तर चालूबंद करण्याची विशेष बाधाच नाहीं. कॅलिफोर्नियांतील लिव्हरमोर या गांवीं अग्निशामक केंद्रांत एक दिवा, मधले थोडे खंड वगळतां, १९०१ सालापासून जळत आहे. त्याचा दाखला कोणी कोणी देतात. त्याच्या आयुष्याचें नवल खरें. परंतु तो आतां सुमारें चार वॉटच्या दिव्याइतकाच मिणमिणतो, हें सांगावयाचें राहून जातें.

उलटपक्षीं, ‘सर्व कांहीं बंद करा’ हा नियमही शहाणपणाचा नव्हे. लसी ठेवलेलें शीतकपाट रात्रींही चालूंच राहिलें पाहिजे. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईसाठीं जिन्यांत लावलेला दिवा बारा वाजतां मालवणारा मनुष्य काटकसरी नव्हे, निष्ठुर होय. आपल्या देवघरांतला नंदादीप रात्रभर तेवतो, आणि त्यास कोणी उधळपट्टी म्हणत नाहीं. कारण तो कोणीतरी जाणून लावलेला असतो, आणि त्यांत तेल घालणारा, वात सारणारा एक हात असतो. जाणून ठेवलेला दिवा आणि विसरून राहिलेला दिवा यांचा उजेड सारखाच. नीतीच्या दृष्टीनें मात्र त्यांत फार अंतर आहे.

राजकार्यासाठीं राजाच्या तेलाचा दिवा आणि खासगी बोलण्यासाठीं स्वतःच्या तेलाचा दिवा लावणाऱ्या चाणक्याची गोष्ट आपल्याकडे सांगतात. तीच गोष्ट खलिफा दुसरा उमर याच्याविषयींही सांगितली जाते. गोष्ट बोधप्रद आहे, पण ती तेल कोणाचें एवढेंच विचारते. समजा, एखादा मालक म्हणाला, ‘माझ्या कचेरींतले दिवे रात्रभर जळोत, पैसे मी भरतों,’ तर चाणक्याच्या न्यायानें वाद मिटला. आमच्या मतें खरा वाद तेथूनच सुरू होतो; कारण विजेची सारी किंमत बिलांत येत नाहीं.

याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यांत टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां आपलीं भातखाचरें पाण्याखालीं जाणार म्हणून तेथील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस महाराष्ट्र ‘सेनापति’ म्हणूं लागला तो याच लढ्यामुळें. लढ्यास यश आलें नाहीं. खाचरें व गांवें जलाशयाखालीं गेलीं, आणि १९२७ सालीं घाटाखालीं भिरा येथील विद्युत्केंद्र सुरू झालें. पुढें कोयनेच्या खोऱ्यांतील अनेक गांवांचीही हीच गति झाली. धरणें बांधूं नयेत असा निवाडा आम्ही येथें देत नाहीं; त्या विजेवर गिरण्या चालल्या, रुग्णालयें चाललीं, मुलें अभ्यासास बसलीं. परंतु ज्याची जमीन गेली त्यास देण्याजोगें आपल्याजवळ एकच उत्तर आहे: तुझें जें गेलें तें कोणाच्या तरी उपयोगीं पडलें. रिकाम्या खोलींत रात्रभर जळणारा दिवा हें उत्तर खोटें पाडतो.

आज आपल्या देशांतील बहुतेक वीज कोळशापासून होते. एका युनिटास सुमारें सहाशें ते सातशें ग्रॅम कोळसा लागतो. वीस वॉटचे दहा दिवे संध्याकाळपासून सकाळपर्यंत चौदा तास राहिले, तर जवळजवळ तीन युनिटें खर्ची पडतात. म्हणजे एका रात्रींत, एका खोलींत, सुमारें दोन किलो कोळसा कोणाच्याही कामीं न येतां जळतो. तो कोणीतरी खाणींतून काढलेला असतो, आणि त्याचा धूर विद्युत्केंद्राभोंवतालच्या माणसांच्या श्वासांत जातो. बिल भरणाऱ्यानें त्यांना यांतले कांहींच दिलेलें नसतें.

मात्र काटकसरीच्या नांवाखालीं अन्याय होऊं नये. काटकसरीचें परिपत्रक निघालें कीं कारकुनाच्या डोक्यावरचा पंखा बंद होतो, आणि साहेबांच्या रिकाम्या दालनांत वातानुकूलन यंत्र गारवा देत राहतें. काम करणाऱ्यास वारा व उजेड मिळालाच पाहिजे. वीज त्यासाठींच आहे. तसेंच हें सारें शिपायाचें काम म्हणून त्याच्यावर ढकलणेंही बरें नव्हे. खोलींतून जो शेवटीं निघतो, मग तो साहेब असो वा उमेदवार, त्याचेंच तें कर्तव्य आहे. माणूस गेला कीं आपोआप मालवणारे दिवे निघाले आहेत, ते खुशाल बसवावे. सद्गुणास वाव राहावा म्हणून कोळसा जाळीत बसण्यांत अर्थ नाहीं.

आपल्या घरांतून दिवा ‘विझवणें’ हा शब्द वडील माणसें उच्चारूं देत नसत. दिवा ‘मालवावा’ असें म्हणत. दिवा बंद करतांनाही त्याचा मान राखावा, हा त्यांतला भाव. कचेरीच्या दारांत क्षणभर थांबून, हा दिवा आतां कोणासाठीं जळतो आहे, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. उत्तर मिळालें तर तो अवश्य ठेवावा. न मिळालें तर मालवून, मग घरची वाट धरावी.